दीड इंचाचं भोक

एलादिओच्या दुकानात काउंटरवर तीन नळ्या.
तो विचारतो, पाण्याच्या वर की खाली?
खाली, मी म्हणते. हातभर खाली.
त्यातली एक उचलून तो परत फडताळात ठेवतो.
सिलिकॉन. न्हाणीघरात लाव म्हणतो,
एकदा लागलं की त्या जागी पुढे काहीच धरत नाही,
रंगसुद्धा नाही.

उरल्या दोन.

बाहेर लावेरका ठोकळ्यांवर उभी आहे, आज अकरावा दिवस.
तिच्या बुडाला आरपार भोक,
त्यातून पलीकडचा निलगिरीचा डोंगर दिसतो,
आणि एक बगळा, थोडा वेळ.

जुना नळ काढायला मला चार दिवस लागले.
आधी पाना, मग पान्याला जोडलेला पाइप,
मग गरम हवेची बंदूक,
मग गिटारची तार, दोन्ही टोकांना काड्या बांधून,
करवतीसारखी पुढेमागे.
निघाला तेव्हा तळहाताएवढं फायबर
सोबत घेऊनच निघाला.

नळ पितळेचा होता. कांस्य म्हणून कोणीतरी गळ्यात मारलेला.
आतून गुलाबी पडलेला, नखानं खरवडावा इतका.
धातू मेला होता. चिकटवलेलं मात्र जिवंत.

हे काम आमारोचं.
माझा भाऊ पॉलियुरेथेनवाला माणूस.
एक घाव दोन तुकडे, चिकटवतानासुद्धा.
बिजागऱ्या, आईच्या फोटोची चौकट,
स्वतःचं मत.
शिंपल्यांच्या तराफ्याची वाटणी निघाली त्या रात्री
बोलला ते बोलला,
आणि लास पाल्मासला गेला. सात वर्षं झाली.

खरं सांगायचं तर
एकोणीस वर्षांत त्याच्या जोडातून
एक थेंब आत आला नाही.
हेही मांडायला हवं हिशोबात.

एलादिओ दुसरी नळी माझ्याकडे सरकवतो.
पॉलिसल्फाइड. चार युरो जास्त.
हळू वाळतं, घाईच्या माणसाचं काम नाही.
काही प्लॅस्टिकं खातं, तेवढं सांभाळ.
पण दहा वर्षांनी पातळ सुरी घातलीस तर वाट देतं.

सुटणारं म्हणजे गळणारं ना? मी विचारते.
तो चष्म्यावरून बघतो,
उत्तर द्यायच्या आतच फोन वाजतो,
आणि तो कुणाशी तरी नांगराच्या साखळीवरून
भांडायला लागतो.
मी पैसे ठेवते. नळी घेते. ती दुसरी.

फाटलेली जागा भरून घासली, अ‍ॅसिटोननं पुसली.
आतून शेजारची उशिआ नट धरून बसलेली, नाक मुरडत,
कुजक्या अंड्यांचा वास येतो म्हणून.
मी बाहेरून, पाठीवर आडवी, केसांत शिंपल्यांचा चुरा.
कडेनं ओघळ आला, सगळीकडून सारखा.
आणखी एक आटा, उशिआ म्हणाली.
हात शिवशिवतात अशा वेळी.
पण जास्त आवळलं तर सगळं पिळून बाहेर येतं,
आत धातूवर कोरडं फायबर.
थांब, मी म्हटलं.
आठवडाभर थांबलो. मग पाव आटा, तोही जपून.

कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं:
पॉलिसल्फाइड. मार्च. सुरी पुरेल.
कोणासाठी, ते नाही लिहिलं.

आज सकाळी क्रेनच्या पट्ट्यांत लावेरका पाण्याला टेकली.
अर्धी तरंगती, अर्धी टांगलेली.
मी आत, पोटावर, तोंडात विजेरी,
नळाभोवती कालच्या वर्तमानपत्राची पट्टी.
पाच मिनिटं. दहा.
एका कोपऱ्यात ओलसर डाग,
छातीत धस्स.
मग कळलं, माझ्याच कपाळाचा घाम.

वरून क्रेनवाला ओरडतो, सोडू का?

थांब जरा.
कागद फेकून मी नुसतं बोट फिरवते,
पूर्ण गोल,
आणि पुन्हा एकदा, उलट्या बाजूनं.